सी भाषेत मराठी आणि कन्नड मजकुराचे तुकडे जोडताना जागा किती धरावी?

प्रश्न : खानापूर_वाचक

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी सभासदांची ओळखपत्रे छापणारा एक छोटा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहीत आहे. मी बेळगावात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सी पहिल्या वर्षी शिकून झाली आहे आणि वाचनालयातील जुन्या संगणकावर लिनक्स व जीसीसी (सी भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारे साधन) व्यवस्थित चालतात, म्हणून हीच भाषा निवडली. ओळखपत्रावर पत्त्याची एक ओळ मराठीत आणि तिच्याखाली तीच ओळ कन्नडमध्ये छापायची आहे, कारण आमच्याकडे दोन्ही भाषांचे वाचक येतात आणि ओळखपत्र प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता यावे असा समितीचा आग्रह आहे.

गाव, तालुका आणि जिल्हा ही नावे एका मजकूर-फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेली आहेत. ती एफगेट्सने (एकेक ओळ वाचणारे फंक्शन) वाचायची आणि ६४ आकाराच्या कॅरेक्टर ॲरेमध्ये (अक्षरे ओळीने साठवण्याची जागा) स्ट्रकॅटने (एका मजकुरापुढे दुसरा जोडणारे फंक्शन) जोडत जायची, अशी रचना मी केली आहे. तयार होणारी ओळ «नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव» अशी दिसायला हवी.

सुरुवातीला मी दोन स्ट्रिंगच्या मध्ये अधिकचे चिन्ह घालून पाहिले, तेव्हा कंपायलरने ते सरळ नाकारले. स्ट्रकॅट वापरल्यावर प्रोग्रॅम चालू लागला, पण कधी कधी गावाच्या नावाआधी दोन-चार निरर्थक चिन्हे उमटतात, आणि प्रत्येक नावानंतर ओळ तुटून पुढचा मजकूर खाली जातो. सर्वांत न समजणारी गोष्ट अशी की रोमन लिपीत नावे दिली तर सारे सुरळीत होते, मात्र तीच नावे देवनागरीत दिली की ओळ पडद्यावर पूर्ण उमटते आणि त्यानंतर «स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड» असा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद पडतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डॉसच्या काळातील एक कंपायलर आहे. त्यावर ॲरेचा आकार मुद्दाम ३० ठेवला तरी रोमन लिपीतील ओळ काही तक्रार न होता छापली जाते. मग नेमके चूक कोणते मानावे?

स्ट्रकॅटऐवजी स्ट्रएनकॅट वापरले की धोका टळतो, असे एके ठिकाणी वाचले. ते खरे आहे का, आणि ॲरेचा आकार ठरवण्याची काही निश्चित पद्धत आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


उत्तर : मार्कंडेय_काठ

ताई, तुम्ही सांगितलेल्या साऱ्या लक्षणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, म्हणून आधी ती सांगतो आणि मग एकेका लक्षणाकडे वळतो. सी भाषेत स्ट्रिंग नावाचा स्वतंत्र प्रकारच नाही. मेमरीत एकापुढे एक ठेवलेले बाइट आणि त्यांच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, ज्याला आपण नल म्हणतो, एवढ्यालाच तेथे स्ट्रिंग म्हणतात. तिची लांबी कोठेही लिहून ठेवलेली नसते, आणि ती ज्या जागेत बसली आहे ती जागा किती मोठी आहे हेही तिला ठाऊक नसते. त्यामुळे जोडणे या कामाचा सी भाषेतील अर्थ फारच तोकडा आहे : पहिल्या स्ट्रिंगचा नल शोधायचा, त्या जागेपासून दुसऱ्या स्ट्रिंगचे बाइट उतरवायचे आणि शेवटी नवा नल ठेवायचा. स्ट्रकॅट याहून अधिक काहीही करत नाही. जागा पुरेल की नाही हे पाहण्याची जबाबदारी पूर्णपणे लिहिणाऱ्याची आहे.

अधिकचे चिन्ह का चालत नाही, हे यावरून स्पष्ट होते. ॲरेचे नाव अशा पदावलीत वापरले की त्याचा अर्थ पहिल्या बाइटचा पत्ता असा होतो, आणि दोन पत्त्यांची बेरीज या भाषेत निरर्थक ठरवलेली आहे.

निरर्थक चिन्हे येण्याचे कारण असे की फंक्शनच्या आत घोषित केलेल्या ॲरेमध्ये आरंभी काय असेल याची भाषा हमी देत नाही. त्या जागेत आधीच्या कोणत्या तरी कामाचे बाइट पडलेले असतात. स्ट्रकॅट पहिला नल शोधत त्या बाइटांवरून पुढे जातो आणि तो जेथे सापडेल तेथून तुमचे गाव लिहू लागतो, म्हणून ते बाइट गावाच्या आधी दिसतात. कधी सुदैवाने पहिलाच बाइट शून्य निघतो आणि सर्व ठीक दिसते, त्यामुळेच हा दोष «कधी कधी» दिसतो. यावर उपाय सोपा आहे : पहिला तुकडा स्ट्रकॉपीने (ॲरेच्या आरंभापासून मजकूर उतरवणारे फंक्शन) ठेवावा, किंवा ॲरेच्या शून्याव्या स्थानी नल लिहून मगच जोडायला आरंभ करावा.

ओळ तुटते ती एफगेट्समुळे. हे फंक्शन ओळीच्या शेवटचे न्यूलाइन चिन्हही स्ट्रिंगमध्ये ठेवते. वाचून झाल्यावर स्ट्रसीस्पॅनने त्या चिन्हाचे स्थान शोधावे आणि तेथे नल ठेवावा. ही फाइल जर कोणी विंडोजवर तयार केली असेल तर न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न नावाचे आणखी एक चिन्ह असते आणि लिनक्सवर तेही स्ट्रिंगमध्येच राहते, म्हणून स्ट्रसीस्पॅनला शोधायच्या चिन्हांच्या संचात दोन्ही द्यावीत. नोटपॅडच्या काही आवृत्त्या फाइलच्या अगदी आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन अदृश्य बाइटही लिहितात. तुमच्या पहिल्याच गावाच्या नावात ते शिरले असतील तर तुलना करताना ते नाव कशाशीच जुळणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

आता मुख्य मुद्दा. देवनागरीसाठी युनिकोडने (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे मानक) राखून ठेवलेल्या विभागातील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (ते क्रमांक बाइटांत लिहिण्याची रीत) पद्धतीत ३ बाइट घेते, आणि येथे चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते जोडाक्षर नव्हे : व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे मोजली जाते. तुमचीच ओळ घेऊ. «नंदगड» यात न, अनुस्वार, द, ग, ड अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. पुढे स्वल्पविराम व रिकामी जागा यांचे २, «ता.» व त्यापुढील जागा यांचे ८, «खानापूर» यातील ७ चिन्हांचे २१, पुन्हा स्वल्पविराम व जागा यांचे २, «जि.» व जागा यांचे ८, आणि «बेळगाव» यातील ६ चिन्हांचे १८. बेरीज ७४ होते आणि नल धरून ७५. तुमचा ॲरे ६४ बाइटांचा आहे. म्हणजे ११ बाइट त्याच्या हद्दीबाहेर लिहिले गेले. रोमन लिपीत हीच ओळ साधारण ३५ बाइटांत मावते, म्हणून तेथे काही बिघडले नाही.

ओळ पूर्ण उमटल्यावर प्रोग्रॅम का बंद पडतो, हेही सांगण्यासारखे आहे. जीसीसी अनेक लिनक्स वितरणांत स्थानिक ॲरेच्या पलीकडे एक संरक्षक किंमत ठेवतो आणि फंक्शनमधून परतताना ती बदलली आहे का हे तपासतो. तुमचे छापण्याचे काम त्याआधीच झालेले असते, म्हणून ओळ दिसते आणि परतीच्या क्षणी बदल उघड होतो. डॉसवर असे काहीच नव्हते. तेथे एका प्रोग्रॅमच्या मेमरीभोवती कुंपण नव्हते आणि त्या कंपायलरकडे अशी तपासणीही नव्हती, त्यामुळे ३० बाइटांत ३५ बाइट लिहिल्यावर शेजारच्या व्हेरिएबलवर अतिक्रमण होऊनही पडदा शांत राहतो. अशा वेळी काय घडेल हे सी भाषेच्या मानकाने मुळी ठरवलेलेच नाही. तेव्हा दोन्ही ठिकाणी प्रोग्रॅम सारखाच सदोष आहे, आणि तो बंद पडतो तेथे तुमचे अधिक हित आहे असे मी मानतो.

स्ट्रएनकॅटविषयी तुम्ही वाचलेले विधान अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्याने पुष्कळ प्रोग्रॅम बिघडवलेले आहेत. त्या फंक्शनला दिलेली तिसरी संख्या ही ॲरेचा आकार नसते. दुसऱ्या स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त किती बाइट घ्यायचे हे ती सांगते, आणि त्याखेरीज एक नल ते स्वतः जोडते. तेथे साइझऑफ लिहून ॲरेचा आकार दिला तर ६४ च्या ॲरेत आधीच ४० बाइट असतानाही आणखी ६४ घेण्याची परवानगी दिली जाते. योग्य संख्या म्हणजे आकारातून सध्याची लांबी वजा करून आणखी १ वजा केल्यावर उरणारी. प्रत्येक जोडणीच्या वेळी ही वजाबाकी अचूक करावी लागते, आणि जो ती अचूक करू शकतो त्याला स्ट्रएनकॅटची गरज जवळजवळ उरत नाही.

तुमच्या कामासाठी मी एसएनप्रिंटएफ सुचवीन. १९९९ च्या मानकापासून ते भाषेचा भाग आहे. त्याला ॲरे, ॲरेचा संपूर्ण आकार आणि एक साचा द्यावा. साच्यात गाव, तालुका व जिल्हा यांच्या जागी पर्सेंट-एस लिहिले आणि «ता.» व «जि.» ही अक्षरे मध्ये तशीच ठेवली की सगळी ओळ एका आज्ञेत तयार होते. दिलेल्या आकाराबाहेर ते कधीही लिहीत नाही आणि आकार शून्य नसेल तर शेवटी नल नक्की ठेवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागा अपुरी असली तरी पूर्ण ओळीला किती बाइट लागले असते, तो आकडा ते परत देते. तुमच्या ओळीसाठी तो ७४ येईल. परत आलेली संख्या ६४ किंवा त्याहून मोठी असेल तर मजकूर कापला गेला आहे, असा तिचा अर्थ होतो आणि ही तपासणी कधीही वगळू नये.


खानापूर_वाचक

मनःपूर्वक आभार, सर. नल आधी ठेवल्यापासून निरर्थक चिन्हे गेली आणि स्ट्रसीस्पॅनमुळे ओळही तुटत नाही. एसएनप्रिंटएफ लावल्यावर प्रोग्रॅम बंद पडत नाही, परंतु ॲरे ६४ चाच ठेवून पाहिला तेव्हा ओळ «जि. बे» येथे थांबते आणि त्यापुढे एक काळा चौकोन व त्यात प्रश्नचिन्ह दिसते. अक्षर अर्धे कापले जात असेल तर ते पूर्ण अक्षराच्या सीमेवर कसे थांबवावे?

आणखी एक विचारते. ओळ जोडण्याचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवून तेथून ॲरे परत पाठवला तर कंपायलर इशारा देतो आणि छापताना भलतेच काही येते किंवा प्रोग्रॅम कोसळतो. हे काम वेगळे ठेवण्याची योग्य रीत कोणती?


उत्तर : निपाणी_लिपी

पहिल्या प्रश्नापुरते मी लिहितो, कारण मराठी-कन्नड मजकुराचे छापकाम हाच माझा रोजचा विषय आहे.

मार्कंडेय_काठ यांनी केलेली मोजणीच पुढे नेऊ. ६४ च्या ॲरेत नलची जागा सोडली तर ६३ बाइट मावतात. «जि.» व त्यापुढील जागा येथपर्यंत ५६ बाइट होतात. उरलेल्या ७ पैकी ३ बाइट «ब»ने घेतले, ३ मात्रेने घेतले आणि शेवटचा १ बाइट हा «ळ»चा पहिला तृतीयांश आहे. त्याची किंमत २२४. तो एकटा कोणतेही चिन्ह दाखवत नाही, म्हणून पडद्यावर तो चौकोन दिसतो.

यूटीएफ-८ ची रचना १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली, तेव्हा अशा प्रसंगाचा विचार तिच्यात होता. एका चिन्हाचा पहिला बाइट आणि त्यामागून येणारे बाइट हे किमतीवरूनच वेगळे ओळखता येतात : मागून येणारा प्रत्येक बाइट १२८ ते १९१ याच मर्यादेत असतो आणि पहिला बाइट कधीही त्या मर्यादेत नसतो. देवनागरीत पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा या मर्यादेतील कोणताही. कन्नडमध्ये पहिला २२४ च, दुसरा १७८ किंवा १७९. शिवाय शून्य हा बाइट नलखेरीज कोठेही येत नाही, म्हणूनच स्ट्रलेन (लांबी मोजणारे), स्ट्रकॅट ही जुनी फंक्शने आपल्या लिप्यांचा काही अर्थ न समजताही त्यांचे बाइट बिनचूक वाहून नेतात.

कापण्याची रीत अशी. मूळ पूर्ण मजकूर हाताशी असेल तर ज्या स्थानी कापायचे आहे त्या स्थानचा बाइट पाहावा. तो १२८ ते १९१ मध्ये असेल तर आपण एखाद्या चिन्हाच्या पोटात आहोत, म्हणून तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत एकेक स्थान मागे यावे आणि तेथे नल ठेवावा. तुमच्या ओळीत स्थान ६३ वर «ळ»चा दुसरा बाइट येतो. एक पाऊल मागे, स्थान ६२ वर, त्याचा पहिला बाइट आहे. तेथे नल ठेवला की «बे» पूर्ण राहते आणि चौकोन जातो. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी संगणकांवर जीसीसीचा साधा कॅरेक्टर प्रकार ऋण किमतीही धरतो, त्यामुळे २२४ हा बाइट तुलनेत उणे ३२ असा वाचला जातो आणि १२८ शी केलेली तुलना चुकते. तुलना करण्यापूर्वी तो अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये (ऋण किमती न धरणारा प्रकार) घ्यावा.

इतके सांगूनही माझा सल्ला असा आहे की ओळखपत्रावरील मजकूर मुळीच कापू नये. बाइटांच्या सीमेवर नीट कापले तरी भाषेच्या दृष्टीने काप चुकीचा पडतो. «संकेश्वर» हे नाव हलन्तानंतर कापले तर मागे पाय मोडलेला «श्» उरतो, आणि एखाद्या नावातील शेवटची मात्रा गळाली तर ते वेगळेच नाव होते. सीमाभागात माणसाचे आणि गावाचे नाव कागदोपत्री कसे लिहिले गेले आहे याला किती महत्त्व आहे, हे येथील वाचकांना सांगायला नको. वाचनालयाच्या छोट्या ओळखपत्रावरही नाव पूर्णच असले पाहिजे. जागा अपुरी ठरली तर प्रोग्रॅमने त्या सभासदाची नोंद दाखवून थांबावे, आणि मग मोठी जागा द्यावी.

मोठी जागा किती, याचे उत्तर एसएनप्रिंटएफच देते. पहिल्यांदा त्याला ॲरेच्या जागी नल पॉइंटर (कोणतीही जागा न दाखवणारा पत्ता; शेवटचा नल बाइट नव्हे) आणि आकार म्हणून शून्य द्यावा. ते काहीही लिहीत नाही, फक्त लागणारी लांबी परत करते. त्या संख्येत १ मिळवून मॅलॉकने (हवी तेवढी मेमरी मागून घेणारे फंक्शन) जागा घ्यावी आणि दुसऱ्यांदा खऱ्या जागेत लिहावे. मराठी ओळीसाठी ७५ आणि कन्नड ओळीसाठी निराळी संख्या आपोआप येईल. कन्नडमध्ये «बेळगावी» असे लिहिले जाते, त्यात शेवटी एक मात्रा अधिक असल्याने त्या एका शब्दाला १८ ऐवजी २१ बाइट लागतात. म्हणून मराठी ओळ मोजून तोच आकार कन्नडला देणे बरोबर नाही.

ओळखपत्रावर रकाने सरळ रेषेत आणण्यासाठी पर्सेंट आणि एस यांच्या मध्ये रुंदीचा आकडा लिहिण्याची रीत शिकवली जाते. ती रुंदीही बाइटांत मोजली जाते, त्यामुळे देवनागरीत रकाने वाकडे येतात. तेथे तो आकडा वापरू नये.


उत्तर : शहापूर_पेठ

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. दोन गोष्टींची भर घालतो, आणि त्यातील पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

तुम्हाला ओळ फक्त छापायची असेल तर तुकडे जोडण्याची गरजच नाही. फाइलमध्ये किंवा छपाईच्या प्रवाहात आधी गाव लिहावे, मग «ता.», मग तालुका, आणि असेच पुढे. एफप्रिंटएफच्या एका साच्यात हे सर्व होते आणि मधला ॲरे नाहीसा होतो, तेव्हा त्याच्या आकाराचा प्रश्नही उरत नाही. ओळ नंतर पुन्हा वापरायची असेल, तिची लांबी पाहून अक्षरांचा आकार ठरवायचा असेल किंवा ती दुसऱ्या फंक्शनला द्यायची असेल तरच ती मेमरीत जोडावी.

दुसरी गोष्ट वेगाची. सर्व सभासदांच्या ओळी एकाच मोठ्या जागेत जोडून मग एकदम लिहाव्यात, असे पुढे कधी मनात आले तर त्यासाठी स्ट्रकॅटचा फेरा लावू नये. प्रत्येक वेळी ते आरंभापासून नल शोधत चालते. समजा २,००० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ सुमारे ७५ बाइटांची आहे. प्रत्यक्ष लिहायचे बाइट दीड लाख, पण नल शोधण्यासाठी चाळले जाणारे बाइट सुमारे १५ कोटी. ओळी दुप्पट झाल्या की हे चाळणे चौपट होते. म्हणून आतापर्यंत किती लिहिले हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवावे आणि पुढचा तुकडा मेमकॉपीने (ठरावीक संख्येचे बाइट उतरवणारे फंक्शन) थेट त्या स्थानी उतरवावा. लांबी आपल्यालाच ठाऊक असल्यावर नल शोधण्याचे कारण राहत नाही. पॉझिक्समधील (युनिक्ससारख्या प्रणालींचे सामायिक मानक) स्टीपीकॉपी हे फंक्शनही याच हेतूने नवीन शेवटाचा पत्ता परत देते.

हाच फेरा एसएनप्रिंटएफने करणाऱ्यांनी एक सापळा ओळखून ठेवावा. परत आलेली संख्या एकूण लांबीत मिळवायची आणि आकारातून ती वजा करून उरलेली जागा पुढच्या वेळी द्यायची, हे बरोबरच आहे. पण मजकूर कापला गेला असताना परत येणारी संख्या प्रत्यक्ष लिहिलेल्या बाइटांपेक्षा मोठी असते, त्यामुळे एकूण लांबी आकाराच्या पुढे जाते. जागेचा आकार धनच असलेल्या प्रकारात मोजला जात असल्याने वजाबाकी ऋण न होता एक प्रचंड संख्या होते, आणि पुढची जोडणी अमर्याद जागा आहे असे समजून लिहू लागते. म्हणून तपासणी प्रत्येक फेरीत करावी, शेवटी एकदाच नव्हे.

सीमेवरच्या गावांची यादी कोडमध्येच लिहिणार असाल तर स्वल्पविरामाकडे लक्ष द्यावे. अवतरणातील दोन स्ट्रिंग शेजारी शेजारी आल्या तर १९८९ च्या मानकापासून कंपायलर त्यांना स्वतःच जोडतो. लांब मजकूर दोन ओळींत लिहिण्यासाठी ही सोय फार उपयोगी आहे. परंतु यादीत «कडोली» आणि «येळ्ळूर» यांच्यामधला स्वल्पविराम राहून गेला तर «कडोलीयेळ्ळूर» असे एकच गाव तयार होते, यादीतील एक नाव कमी होते आणि कंपायलर सहसा काही बोलत नाही.


उत्तर : हिडकल_जलाशय

स्ट्रएनकॅटचा विषय निघालाच आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. शेवटी नल ठेवण्याचा निर्णय सी भाषेचे जनक डेनिस रिची यांच्या काळातला आहे. त्यांनी १९९३ मधील आपल्या लेखात त्याचे कारण दिले आहे : लांबी एका ८ किंवा ९ बिटांच्या जागेत साठवल्याने स्ट्रिंगच्या लांबीवर येणारी मर्यादा टाळायची होती, आणि लांबी सांभाळण्यापेक्षा शेवटाची खूण सांभाळणे त्यांना सोयीचे वाटले. त्याची किंमत पुढे दिसली. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) शिरकावासाठी जे मार्ग वापरले त्यांत गेट्स या (जागेचा आकार न पाहता ओळ वाचणाऱ्या) फंक्शनमुळे होणारे जागेबाहेरचे लेखन हा एक होता. गेट्स अखेर २०११ च्या मानकातून काढून टाकण्यात आले.

जोडणीसाठी अधिक सुबोध पर्याय म्हणून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९८ मध्ये स्ट्रएलकॅट व स्ट्रएलकॉपी आणली. त्यांना ॲरेचा संपूर्ण आकारच द्यायचा असतो आणि ती लागणारी पूर्ण लांबी परत देतात, त्यामुळे वजाबाकीची चूक होत नाही. लिनक्सवरील ग्लिबसीमध्ये (सी भाषेच्या फंक्शनांचा संग्रह) ती २०२३ च्या २.३८ आवृत्तीत आली. वाचनालयाचा संगणक जुना असल्याने तेथे ती नसण्याचीच शक्यता अधिक, म्हणून एसएनप्रिंटएफवर राहणे योग्य. स्ट्रएनकॉपी मात्र या कामासाठी घेऊ नये. ते ठरावीक रुंदीच्या रकान्यांसाठी बनवलेले होते आणि मूळ स्ट्रिंग दिलेल्या संख्येइतकी किंवा त्याहून लांब असेल तर ते शेवटी नल ठेवतच नाही.


उत्तर : मार्कंडेय_काठ

ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिला होता. फंक्शनच्या आत घोषित केलेल्या ॲरेची जागा त्या फंक्शनपुरतीच असते. परतल्यावर ती जागा पुढच्या कोणत्याही फंक्शनला दिली जाते, आणि तुमच्या हातात केवळ जुना पत्ता उरतो. कंपायलरचा इशारा याच कारणाने येतो.

येथे दोन रीती आहेत. पहिलीत बोलावणारे फंक्शन स्वतःचा ॲरे आणि त्याचा आकार असे दोन्ही देते, आणि जोडणारे फंक्शन त्यात लिहून लागलेली लांबी परत करते. आकार वेगळा द्यावाच लागतो, कारण ॲरे फंक्शनला दिला की तेथे केवळ पॉइंटर पोहोचतो आणि आत साइझऑफ लिहिले तर ६४ बिटांच्या संगणकावर ८ एवढेच उत्तर येते. दुसऱ्या रीतीत जोडणारे फंक्शन मॅलॉकने जागा घेऊन तिचा पत्ता परत करते, आणि ती जागा फ्री (मोकळी) करण्याचे काम बोलावणाऱ्याकडे जाते. हे काम कोणाचे आहे हे फंक्शनच्या डोक्यावर टिप्पणीत स्पष्ट लिहून ठेवावे, कारण सी भाषा ते कोठेही नोंदवत नाही आणि सहा महिन्यांनी वाचनालयाचा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी हाती घेतला तर त्याला ते कळण्याचा अन्य मार्ग नाही. मॅलॉकने नल पॉइंटर परत दिला आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या जागेत काहीही लिहू नये. जागा वाढवण्यासाठी रीॲलॉक वापरायचे झाल्यास त्याचे उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यावे. ते अयशस्वी झाले तर जुनी जागा तशीच राहते, आणि उत्तर थेट जुन्याच पॉइंटरवर लिहिले असेल तर तिचा पत्ता कायमचा हरवतो.

तुमच्या कामाला मी पहिली रीत निवडीन. एका वेळी एकच ओळखपत्र तयार होते, म्हणून २५६ बाइटांचा एक ॲरे मुख्य फंक्शनमध्ये ठेवावा, तोच मराठी ओळीसाठी आणि छापून झाल्यावर कन्नड ओळीसाठी वापरावा, आणि परत आलेली लांबी २५६ किंवा अधिक असेल तर त्या सभासदाचा क्रमांक दाखवून थांबावे. प्रोग्रॅम तयार होत असेपर्यंत जीसीसीला ॲड्रेस सॅनिटायझरचा पर्याय देऊन कंपाइल करत जा. जागेबाहेर पहिला बाइट लिहिला जाताच तो प्रोग्रॅम थांबवतो, आणि डीबगची माहितीही सोबत घेतली असेल तर ते कोडमधील कोणत्या ओळीत घडले हेही दाखवतो.